चांदीच्या मातीची वाटी

कुंभारवाडा, नाशिक
१२ फेब्रुवारी २०२५

मोहिनी,

वैष्णवी विचारते आहे, वर 'चिरंजीव सौभाग्यवती' घालू का? मी म्हटलं, नको. एवढा मान दिला तर ती पत्र दुसऱ्या कुणाचं समजून परत पाठवेल. नुसतं मोहिनी लिही.

मी तुझी आई, पुतळाबाई. तोंड माझं, हात वैष्णवीचा. वैष्णवी म्हणजे तुझ्या भावाची, दीपकची थोरली. तू घर सोडलंस तेव्हा तीन वर्षांची होती आणि ओल्या माठात पाय घालून बसायची. आता पंचविशीची झाली तरी मातीतून काही निघालेली नाही. मी बोलते तसं ती लिहिते, फक्त माझं 'हाय' ती 'आहे' करते आणि शिव्या गाळते. पत्र जरा सोज्वळ वाटलं तर तो दोष तिचा.

फोन का केला नाही, विचारशील. केला असता तर तू 'कामात आहे' म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. पत्राला तसं सांगता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतंच.

परवा दीपकच्या मोबाईलवर तुझ्या निकिताची लग्नपत्रिका आली. अक्षय्य तृतीया छापलंय, म्हणजे आपल्या आखाजीचं लग्न, सुरगाण्याला. दीपक एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली ड्युटी संपवून आला तो तोंड लपवतच. मला सांगेना. शेवटी मी वैष्णवीकडून वाचून घेतली. आजोळ म्हणून खाली छापलंय, कै. सावळीराम, म्हणजे तुझे अण्णा, मग दीपक. माझं नाव नाही. छपाईत राहिलं असेल म्हणून दोनदा वाचायला लावलं. राहिलेलं नव्हतं, गाळलेलं होतं. मेलेला माणूस पत्रिकेत मानाने बसलाय आणि जिवंत बाई बाहेर. असू दे. तुझ्या जागी मी असते तर मीही घातलं नसतं.

पत्रिकेबरोबर साखरपुड्याचा फोटो होता. वैष्णवीने दोन बोटांनी ताणून तो मोठा केला. तुझ्या गळ्यात काळी पोत, पोतीत एकच वाटी, तुझ्या सासूने, मंगळूच्या आईने घातलेली, चांदीची. दुसऱ्या वाटीच्या जागी लाल काचेचा मणी. अण्णांच्या बाराव्याला आली होतीस तेव्हाही तो मणी तिथेच होता. तू उंबऱ्याबाहेर बसलीस, चहा न घेता गेलीस, आणि मी सगळा वेळ त्या मण्याकडे बघत होते.

एक वाटी सासरची, एक माहेरची. माहेरची मिळाली नाही तर बायका दुसरीही सासरचीच घालून घेतात, कुणाला कळतही नाही. तू ती जागा रिकामी ठेवलीस, आणि वर लाल मणी लावून जगाला दाखवलीस. बावीस वर्षं. इतका हट्ट तुझ्यात कुठून आला ते मला विचारू नकोस.

तर माझं म्हणणं एवढंच. आखाजीला लेकीच्या मांडवात उभी राहशील तेव्हा तुझ्या गळ्यात माहेरची वाटी पाहिजे. आणि ती मी करणार आहे. सोनाराकडून आणणार नाही, हाताने करणार.

हसू नकोस. अण्णांचं चाक जिथे होतं त्या पडवीत आता वैष्णवीचं दुकान आहे. एका बाजूला ती गॅसबत्तीच्या झोतात काचेच्या कांड्या वितळवून मणी करते. दुसऱ्या बाजूला तिची ती नवी माती. 'मेटल क्ले' म्हणते. चांदीची पूड, थोडं पाणी आणि कसलासा डिंक. पुडी एवढीशी, चहाच्या मसाल्याच्या पुडीएवढी. मळायची, घडवायची, वाळवायची, भाजायची. डिंक जळून जातो आणि मागे निव्वळ चांदी उरते. मला तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वाटलं, पोरीला कुणीतरी फसवलं. मग एक कानातलं भाजून बाहेर आलं, आणि मी ते दाताखाली दाबून बघितलं. पन्नास वर्षं आम्ही माती भाजली, माठच निघाला.

राहिलं त्या वेळचं. तुझ्या अण्णांनी वाटी दिली नाही. माणूस हट्टी, मी काय करणार? गेलेल्याबद्दल फार बोलू नये, म्हणून इथेच थांबते.

तुझी आई


२८ फेब्रुवारी

मोहिनी,

उत्तर आलं नाही. पोस्टमन रंगनाथ आमच्या गल्लीत शिरला की मी ओट्यावर येऊन बसते. तो म्हणतो, आजी, आता पत्रं कोण लिहितं, विजेची बिलं तेवढी येतात. मी म्हटलं, मग बिल दे, पण हातात काहीतरी दे.

काम सुरू केलं. पहिला प्रश्न मापाचा. दोन वाट्या शेजारी बसणार, एक मोठी एक बारकी चालत नाही. तुझ्या सासूची वाटी इथे कुठे आहे मोजायला? वैष्णवी फोटोवर पट्टी लावून बसली. मी म्हटलं, पट्टी ठेव, मणी मोज. तुझ्या पोतीतला काळा मणी तोच आहे, जुन्या मापाचा, तिच्याही डब्यात तसलाच आहे. फोटोत वाटीच्या तोंडाला किती मणी बसतात ते बघितलं. साडेचार. मी म्हटलं, मग ओली वाटी पाच मण्यांची कर. पोरीने मोबाईलवर आकडेमोड केली, पुन्हा केली, मग माझ्याकडे बघितलं. पाचच येत होते. तिला ही माती भाजल्यावर किती आकसते ते पुस्तकातून कळलं होतं. मी पुडी दोन बोटांत चिमटून बघितली होती.

फार शहाणी झाले त्या दिवशी. दीपक घरी आला तर त्यालाही सांगितलं, तुमच्या कारखान्यात मला ठेवून घ्या.

मग वाटी केली. अंगठ्याच्या टोकावर चकती बसवायची, हळूहळू कड खाली ओढायची. माझा अंगठा अजून चालतो, डोळेच तेवढे दिसेल ते दिसेल म्हणतात. वाळवली, वैष्णवीने बारीक पॉलिश कागदाने घासली, वर चांदीच्या तारेची कडी बसवली. तिची विजेची भट्टी पत्र्याच्या ट्रंकेएवढी, पुढे आकडे उमटतात. दोन तास ठेवली. काढली तर वाटी जागेवर होती, दिसायला ठीक. वैष्णवीने चिमट्यात धरली आणि तिचा भुगा झाला. पारले बिस्कीट चहात जास्त वेळ राहिलं की कसं होतं, तसं.

माती खोटी निघाली. वैष्णवीने पुडीवाल्याला लांबलचक तक्रार पाठवली आहे. नवी पुडी येईपर्यंत थांबायचं. अजून वेळ आहे.

निकिताला काय आवडतं ते कळव. नाही कळवलंस तरी चालेल, मी काहीतरी करीनच, आणि तिला आवडलं नाही तर तिला सांग, आजीला दिसत नाही.

तुझी आई


११ मार्च

मोहिनी,

आज मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक छोटी आहे, ती आधी सांगते, म्हणजे तोंड सैल होईल.

माती खोटी नव्हती. मी तीत राख घातली होती. तुला ठाऊक आहे, अण्णा माठाच्या मातीत राख आणि लीद मळायचे, नुसती माती तडकते म्हणून. वैष्णवी पाणी आणायला गेली तेव्हा मी देवापुढच्या धुपाटण्यातली चिमूटभर राख त्या चांदीत मळली. लीद मिळाली नाही म्हणून राहिली, नाहीतर तीही घातली असती. मला वाटलं, पोरीला हे कुणी शिकवलं नसेल, वाटी तडकली तर? पुढे पुडीवाल्याचे मोबाईलवर चार निरोप आले, बिचारा माफी मागत होता, दुसरी पुडी फुकट पाठवतो म्हणाला. तेव्हा मला राहवलं नाही. काल वैष्णवीला सांगितलं. ती आधी हसली, मग रागावली, मग त्या माणसाला लिहिलं की चूक आमच्याकडचीच होती, पुडीचे पैसे घ्या. मग मला म्हणाली, "आज्जी, तू खोटं बोलतेस तेव्हा चेहरा जराही हलत नाही गं."

ते ऐकून मी रात्रीचं जेवले नाही. कारण ती बरोबर बोलली.

आता दुसरी गोष्ट. वैष्णवी, लिही. थांबू नकोस.

तुझ्या अण्णांनी वाटी केली होती.

तू गेलीस तेव्हा आखाजी आठ दिवसांवर होती. पितरांना पाणी ठेवायच्या करा-केळीच्या मडक्यांच्या दोनशे जोड्या ओल्या पडल्या होत्या. घरात तुझ्यासारखा हात कुणाचाच नव्हता, माझाही नाही, तुझ्या बापाचाही नाही. आणि तू मंगळूच्या जीपमध्ये बसून गेलीस, आपला माल नेणाऱ्या जीपमध्ये. लोक म्हणाले, दुसऱ्या जातीत गेली, डोंगरात गेली. मीही तेच म्हणत रडले. पण माझा खरा राग तो नव्हता. मला न सांगता गेलीस हा होता, आणि माझ्याच हाताखाली शिकून माझ्यापेक्षा बरा झालेला हात घेऊन गेलीस, हाही.

तीन आठवड्यांनी अण्णा सकाळी अंघोळ करून सराफ बाजारात गेले. गुंजभर सोन्याची वाटी आणली, गुलाबी कागदात. मला म्हणाले, बहिरूची जीप सुरगाण्याला जाते, त्याच्याजवळ दे. पोरगी आता तिथली झाली, पण माहेरची वाटी गेली पाहिजे.

मी दिली नाही. पदराला गाठ मारून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, तिने परत पाठवली, तुमची वाटी नको म्हणाली.

चेहरा हलला नाही माझा.

 त्या दिवसापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, आणि तू समजलीस, बाप हट्टी. मी तेरा वर्षं ती वाटी मिठाच्या बरणीमागे ठेवली. दोनदा तुझ्याकडे यायला निघाले, सीबीएस स्टँडपर्यंत आले, परत फिरले. काय सांगणार होते? मग अण्णा गेले. तोंडात घालायला सोन्याचा कण लागतो. दीपक घरभर शोधत होता, कुणीतरी म्हणालं नथीतला मणी काढा. मी बरणीमागून वाटी काढली आणि त्यांच्या जिभेवर ठेवली. सगळ्यांना वाटलं, म्हातारीने जपून ठेवलं होतं. मी मनाशी म्हटलं, त्यांची वस्तू त्यांना दिली. पण ते काही खरं नव्हतं. त्या वाटीला मला कुठेतरी पाठवून द्यायचं होतं, जिथून ती पुन्हा दिसणार नाही.

इथे वैष्णवीने पेन खाली ठेवलं होतं. आत जाऊन पाणी पिऊन आली. पुन्हा बसली, म्हणाली, पुढे सांग. म्हणून पुढे सांगते.

मी माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुझ्याकडून आणखी काही घ्यायचा मला हक्क नाही. मी वाटी करते आहे. ती तुझी आहे. घालायची की नाही, ते तू बघ.

आई


१० एप्रिल

मोहिनी,

तुझा फोन आला तेव्हा मी ओट्यावर लसूण सोलत होते. वैष्णवी फोन कानाला लावून उभी होती, आणि तिचा चेहरा बघून मला कळलं, कोण आहे. तू माझ्याशी बोलणार नाहीस हेही कळलं. ती 'हो आत्या, हो आत्या' म्हणत राहिली. ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाली? तिने तुझेच शब्द सांगितले.

"वाटी पाठवू नका. एकदा पाठवलेली पोचली नाही. करायची असेल तर जिने अडवली तिनेच घेऊन यावं."

महिनाभर वाट बघायला लावून इतकं छोटं उत्तर. पण मोहिनी, मी ते किती वेळा म्हणून घेतलं असेल, वैष्णवी शेवटी ओरडली. यावं म्हणालीस तू. 'येऊ नये' असं कुठेच म्हणाली नाहीस. मी नीट ऐकून घेतलं.

त्यानंतर ही म्हातारी कामाला लागली. पुडी नवी, राखेचं धुपाटणं वैष्णवीने माडीवर नेऊन ठेवलं. तिसऱ्या वेळी चकती हवी तशी आली, पाच मण्यांची. दुसरी का नाही आली ते विचारू नकोस, तिच्यावर मी चष्मा ठेवला.

आज भाजायचं होतं. भट्टी तापत आली होती, आकडे चढत होते, आणि वीज गेली. आमच्या गल्लीत गुलमोहोराची फांदी तारेवर पडली होती. मी दीपकला फोन लावला, म्हटलं, तू वीज बनवतोस ना, मग आईच्या घरी कुठाय? तो म्हणाला, आई, मी फांद्या तोडायच्या खात्यात नाही. वैष्णवी रडकुंडीला आली. तिला उद्या पहाटे पुण्याला जायचं आहे, प्रदर्शनाला, आठ दिवस. तिथून आल्यावर सुरगाण्यासाठी करायचं म्हटलं तर पुन्हा काही तडकलं, बिनसलं, तर वेळ उरणार नव्हता.

मी म्हटलं, तुझी ती मण्यांची बत्ती कशाला आहे? तिच्या झोतात भाज. ती म्हणाली, भाजता येतं आज्जी, पण कमी तापली तर ठिसूळ राहते, जास्त तापली तर वितळून गोळी होते, आणि आकडा दिसत नाही. मी म्हटलं, आकडा मला कधीच दिसला नाही. दारं लाव.

भर दुपारी दारं-खिडक्या लावून घेतल्या, फटीत गोधड्या कोंबल्या. उजेडात तापलेल्याचा रंग कळत नाही, हे तुला सांगायला नको. आपण माठांच्या भट्टीत, आव्याच्या भोकातून बघायचो ते अंगावर पांघरूण घेऊनच. वैष्णवीने विटेवर वाटी ठेवली, बत्ती पेटवली. आधी धूर आला, छोटीशी ज्योत उठली, डिंक जळाला. मग वाटी पांढरी झाली. मग अंधारात हळूच उगवली. आधी काळपट लाल. मी म्हटलं, अजून. मग जास्वंदीसारखी. अजून. मग पिकल्या पपईच्या गरासारखी. मी म्हटलं, बस, इथेच धर. आणि पोरीने धरली. रंग चढला की मी म्हणायची, मागे घे. उतरला की, पुढे ये. किती वेळ, ती विचारत होती. मी मनात जात्यावरच्या ओव्या म्हणत होते, त्या संपेपर्यंत. एकदा वाटीचा वरचा भाग पाण्यासारखा चकाकायला लागला, वितळायच्या आधी चकाकतो तसा, आणि मी तिचा हात असा मागे ओढला की बत्ती माझ्या पदराला लागता लागता राहिली. पदर जळाला असता तरी चाललं असतं.

थंड झाल्यावर वाटी खडूसारखी पांढरी, अगदी भिकार दिसत होती. वैष्णवीने आधी ती जमिनीवर टाकली. माझा जीव गेला. पण ती टणकन वाजली, मोहिनी. भुगा नाही, चीर नाही. मग पितळी तारांचा ब्रश घेऊन पोरगी घासायला लागली आणि त्या खडूतून चांदी वर आली, आधी एका कडेला, मग सगळीकडे. वैष्णवीने शेजारी काळे मणी मांडले. तोंडाला साडेचार. मी हाताने चाचपून मोजले, मग तिच्याकडून मोजवले, मग पुन्हा हाताने.

मग आम्ही दारं उघडली. दोघी घामाने निथळत होतो, आणि मी इतकी हसले की शेजारची म्हणाली, आजीला ऊन लागलं.

आम्ही आखाजीच्या आदल्या दिवशी येतो आहोत. तू म्हणालीस तसं.

आई


४ मे

मोहिनी,

तू तिथेच होतीस, मग हे पत्र कशाला, असं म्हणशील. पण तू तुझ्या लेकीकडे बघत होतीस, आणि मी तुझ्याकडे. मला दिसलं ते तुला दिसलेलं नाही.

वणीच्या पुढे घाट लागला तशी मी वाटी ब्लाऊजच्या आत धरून बसले. दीपक म्हणाला, आई, डबीत ठेव ना. मी म्हटलं, डबी हरवते. पोचलो तेव्हा हळदीची गडबड होती. तू भाताच्या पातेल्याशी होतीस. मला बघितलंस, आणि भात वाढत राहिलीस. मी पाण्याच्या टाकीशेजारी खुर्चीत बसून होते, वैष्णवी चुळबूळ करत होती, मी तिला म्हटलं, बस, मी बावीस वर्षं बसवलंय तिला. तेवढ्यात मंगळू आला. केस सगळे पांढरे झालेत की त्याचे. पाया पडला आणि म्हणाला, सासूबाई, सुरगाण्याला एवढी उशिरा आलेली जीप मी आजवर बघितली नाही. मला आवडलं ते. इतक्या वर्षांत मी त्याला काय काय म्हटलंय ते त्याला ठाऊक असूनही बोलला.

मग तू आलीस. हात पुसलेस, माझ्यापुढे हात पसरलास. 'ये' नाही, 'बस' नाही. मी वाटी तुझ्या तळहातावर ठेवली. सगळ्या बायका गोळा झाल्या होत्या. तू ती उलटी केलीस, आतून अंगठा फिरवलास, अण्णा माठाच्या तोंडाला फिरवायचे तसा, डोळे मिटून. मला वाटलं, आता फेकतेय. पण तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस,

"कड जाड राहिलीय."

बावीस वर्षांनी लेकीचा पहिला शब्द, आणि तोही खोट काढायला. मोहिनी, जन्मात मला कुणी इतकं गोड बोललं नव्हतं.

मी लगेच म्हटलं, "मुद्दाम ठेवली. माहेरची आहे, सासरच्या आधी झिजायला नको." बायका हसल्या. तू हसली नाहीस, पण तुझ्या गालाला खळी पडली. लहानपणी पडायची तिथेच.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला सांगू दे. पोत उतरवली, नवी दोरी आली, आणि ती वणीकडची पाहुणी म्हणाली, कुणातरी सवाष्णीने ओवावी, आजी विधवा आहेत. मी हात मागे घेतला. मला ते पटतच होतं, मी असल्या गोष्टींत कायम मागेच राहिले आहे. तेव्हा तुझी सासू मैनाबाई सुपारी कातरत होती ती न थांबता म्हणाली, "आमचे इकडं तसं काय नाय. जिनं केली तिनंच ओवायची."

डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. मी बोटांनी ओवत गेले, काळे मणी, तुझ्या सासूची वाटी, मग माझी.  निकिता हळदीच्या अंगाने येऊन माझ्या गुडघ्याशी बसली आणि मण्यांचा डबा धरून राहिली. लाल मणी आला तेव्हा मी तो बाजूला ठेवला. तू तो उचललास आणि माझ्या हातात परत दिलास. म्हणालीस, "हा पण घाल. अण्णांनी पाठवली असणार हे मला ठाऊक होतं. कुठे अडली ते ठाऊक नव्हतं. तेवढं मी विसरणार नाही, आई."

मी तो घातला. माझ्या वाटीला लागूनच घातला. तो तिथेच असायला पाहिजे.

पण 'आई' म्हणालीस. वैष्णवीलाही ऐकू आलं, मी जीपमध्ये तिच्याकडून खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी तू मांडवात उभी होतीस, गळ्यात दोन वाट्या, आणि आखाजीचं ऊन त्यांच्यावर पडत होतं. अक्षता पडताना तू निकिताकडे बघत होतीस, आणि तुझा हात आपोआप गळ्याशी गेला. अंगठा त्या वाटीत गेला. सगळं लग्न होईपर्यंत तो तिथून निघाला नाही. हे तुला ठाऊक नसणार. म्हणून हे पत्र.

आता एक खरं सांगते, सवय करून घ्यायची ठरवलीय. कड मी मुद्दाम जाड ठेवली नव्हती. माझा हात थरथरला, आणि पातळ करायला गेले असते तर तुटली असती. तुझ्या हातून झाली असती तर कागदासारखी आली असती. इतक्या वर्षांत तू मातीला हात लावलेला नाहीस, मंगळू सांगत होता. अंगणवाडीतल्या पोरांना बैल करून देतेस तेवढंच.

वैष्णवीच्या पुडीतली अर्धी माती उरली आहे. ती म्हणत होती, एखादं कानातलं करून टाकू. मी करू दिलं नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लास्टिक लावून, अण्णांच्या चाकाच्या जागी ठेवली आहे. वाळली तर गेली, म्हणून मी रोज सकाळी तिला पाण्याचं बोट लावते.

आई